उन्हाळी परसबाग : पाणी थोडे, लक्ष फार

होळीपर्यंत डोलणारी बाग एप्रिलमध्ये अचानक माना टाकू लागते आणि बहुतेक घरांत एकच निदान होते, 'पाणी कमी पडतंय!' मग सकाळी एक बादली, दुपारी एक बादली, संध्याकाळी पुन्हा पाईप. तरीही झाडे जातातच. शेवटी रिकाम्या कुंड्या जिन्याखाली जातात आणि 'आता पावसाळ्यातच बघू' असे ठरते.

वास्तविक उन्हाळा हा भेंडी, गवार, काकडी आणि मोगरा यांचा हक्काचा हंगाम. नळाला एक दिवसाआड पाणी येत असले, तरी गृहिणीला चार कुंड्या सहज फुलवता येतात. मात्र पाणी किती घातले यापेक्षा ते केव्हा घातले आणि मातीत किती वेळ टिकले, याकडे लक्ष हवे.

मलूल झाड काय सांगते?

भर दुपारी पानांतून पाणी ज्या वेगाने उडून जाते, त्या वेगाने मुळांना ते ओढता येत नाही. त्यामुळे माती ओली असूनही दुधी, काकडी यांसारखे रुंद पानांचे वेल मलूल दिसतात. ऊन उतरल्यावर ते आपोआप ताठ झाले, तर त्यांना जादा पाणी नकोच होते. अशा वेळी बादल्या ओतत राहिल्यास मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढत नाहीत, म्हणून झाड आणखी मलूल होते आणि आपण आणखी पाणी घालतो!

सकाळीच झाड मलूल दिसले, तर मात्र माती तपासा. बोटाची दोन पेरे मातीत खुपसा. ओल लागली तर थांबा. कोरडे लागले तर कुंडीच्या तळातून थोडे बाहेर येईपर्यंत सावकाश पाणी घाला. रोज वरवर शिंपडल्याने मुळे वरच्या थरातच राहतात आणि तोच थर सर्वांत आधी तापतो. पाणी शक्यतो सकाळी आठच्या आत द्यावे.

ओल धरून ठेवा

उघडी माती म्हणजे झाकण नसलेले भांडे. वाळलेली पाने, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या यांचा दोन-तीन इंचांचा थर मातीवर पसरा, खोडाभोवती थोडी जागा मोकळी ठेवा. हा थर ओल राखतो, मुळे थंड ठेवतो आणि पुढे कुजून खत होतो. पालापाचोळ्याचे हे महत्त्व कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून अनेकांना पटवून दिले होते.

प्लास्टिकच्या काळ्या कुंड्या लवकर तापतात. त्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि गच्चीच्या तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा. दुपारी बारा ते चार जुनी सुती साडी वर ताणून बांधली, तरी रोपांची होरपळ कमी होते. नागपूर, इंदूर, दिल्ली इथल्या कोरड्या झळांत हा आडोसा हवाच. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत मात्र कुंड्या दाटीवाटीने न ठेवता हवा खेळती ठेवा, नाहीतर बुरशी येते.

मोठ्या वाफ्यात न रंगवलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा आणि झाकण ठेवा. मडके पाझरत राहते आणि भोवतालच्या वेलांना लागेल तसे पाणी मिळते.

तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी बागेला उत्तम. एसीतून ठिबकणारे पाणीही चालते. आर.ओ.च्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात मात्र क्षार एकवटलेले असतात. ते रोज कुंडीत घालण्याऐवजी फरशी पुसायला वापरावे.

काय लावावे?

पालक आणि कोथिंबीर उन्हाने लवकर फुलोऱ्यावर येतात. त्यांच्याऐवजी माठ लावा. साधारण महिन्याभरात खुडायला येतो आणि शेंडे खुडल्यास पुन्हा फुटतो. भेंडी व गवार फेब्रुवारी-मार्चमध्ये पेराव्यात. भेंडीचे बी रात्रभर भिजवावे. दीड-पावणेदोन महिन्यांत तोडणी सुरू होते. मग एक दिवसाआड तोडा, नाहीतर भेंडी जून होते आणि नवी फुलेही कमी येतात. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी 'परभणी क्रांती' आणि 'अर्का अनामिका' या जाती काढण्यात आल्या. बी घेताना दुकानात त्यांची चौकशी करा.

फुले नुसती शोभेला नाहीत

दुधीला फुले येतात पण फळ धरत नाही, ही नेहमीची तक्रार. वेलभाज्यांत नर व मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. परागकण पोचवायला मधमाश्या हव्यात आणि त्यांना बोलवायला फुले हवीत. म्हणून भाजीशेजारी झिनिया, सूर्यफूल, कॉसमॉस लावा. चिनी गुलाब आणि सदाफुली तर कमी पाण्यातही फुलतात. मधमाशी फिरकलीच नाही, तर नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला हलकेच लावा. काकडी-कारल्यासाठी हे काम सकाळी करावे, दुधी-दोडक्याची फुले मात्र संध्याकाळी उमलतात.

मोगऱ्याला भरपूर ऊन लागते. बहर ओसरला की शेंडे छाटा, नव्या फुटीवर पुन्हा कळ्या येतात.

गच्ची आणि सुटी

गच्चीवर वाफा करण्याआधी वजनाचा विचार करा. एक मीटर लांब-रुंद आणि एक फूट खोल ओल्या मातीचे वजन सुमारे ५०० किलो भरते. इमारतीच्या जाणकाराला विचारल्याशिवाय असा वाफा करू नका. मातीत नारळाचा भुसा व कंपोस्ट मिसळून भार हलका करता येतो.

मे महिन्यात चार-सहा दिवस गावी जायचे असेल, तर कुंड्या सावलीत एकत्र आणा. मध्ये उंचावर पाण्याची बादली ठेवून सुती कापडाच्या जाड वाती तिच्यातून प्रत्येक कुंडीच्या मातीत खोचा. निघण्यापूर्वी दोन दिवस करून पाहा, म्हणजे बादली किती पुरते ते कळेल.

आणि एप्रिल उलटला म्हणून हंगाम गेला असे समजू नका. अक्षय तृतीयेला आळी करून वेलभाज्यांचे बी लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यामागे हिशेबही आहे. तेव्हा लावलेला वेल आळ्यातल्या ओलीवर मूळ धरतो आणि पहिला पाऊस येईपर्यंत मांडवावर चढायला तयार होतो.