ताकदीलाही काटा हवा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी उतरली की ती काट्यावर चढते. आंबा किती डझन, हे मोजल्याशिवाय पेटी बंद होत नाही. व्यवहारात इतके चोख असणारे आपण शरीराच्या बाबतीत मात्र अंदाजावर भागवतो. ‘‘आता कसं वाटतंय?’’ ‘‘बरं वाटतंय.’’ एवढ्या संवादावर कित्येकांचे व्यायामोपचार संपतात आणि माणूस पुन्हा झाडावर, होडीवर नाही तर माडीच्या जिन्यावर चढतो.

बरे वाटणे आणि बळ येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघा दुखावून सुजला की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाही. पाय प्लॅस्टरमध्ये राहिला तर काही आठवड्यांतच मांडी रोडावते. पुढे दुखणे थांबते, चालही सुधारते. बळ मात्र सावकाश परतते. सपाट रस्त्यावर ही उणीव कळत नाही. ती कळते पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर, किंवा कलमाच्या फांदीवर तोल सांभाळून झेला पुढे करताना.

स्नायूंचे बळ तपासण्याची पद्धत पोलिओच्या साथींतून आली. बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी १९१० च्या दशकात ती बसवली. आपल्याकडेही मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, ते पोलिओच्याच साथीनंतर. तपासणारा हाताने विरोध करतो आणि शून्य ते पाच असे गुण देतो. हालचालच नाही तर शून्य, स्वतःचे वजन पेलून अवयव उचलला तर तीन, पुरा विरोध झुगारला तर पाच.

लुळ्या पडलेल्या अवयवासाठी ही मोजपट्टी आजही उपयोगी आहे. अडचण येते ती वरच्या टोकाला. जाळी ओढणाऱ्या खलाशाची मांडी निम्म्या जोराची झाली, तरी तपासणाऱ्याच्या हाताला ती भारीच पडेल. मग गुण पाचपैकी पाच!

इथे डायनॅमोमीटर कामाला येतो. एक प्रकार मुठीत दाबायचा, दुसरा तळहाताएवढा, पायावर टेकवायचा. तो पट्ट्याने पक्का बांधला तर तपासणाऱ्याच्या ताकदीचा प्रश्नच उरत नाही. समजा, चांगल्या पायाचा आकडा ४० किलो आला आणि दुखऱ्याचा २६. म्हणजे बळ ६५ टक्केच. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडूला मैदानात सोडताना निदान ९० टक्क्यांची अपेक्षा सर्रास धरली जाते. झाडावर चढणाऱ्या गड्याला तरी कमी का असावी?

अर्थात आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे. बसून राहिल्याने चांगला पायही अशक्त होतो, म्हणून नुसती तुलना फसवू शकते. तोल, वेदना, कामाचे स्वरूप हेही पाहावे लागते. आणि मोजणी दर वेळी त्याच स्थितीत, त्याच पद्धतीने हवी. पण कंटाळून व्यायाम सोडू पाहणाऱ्याला २६ चे ३० झालेले दिसले, तर त्याच्या हुरूपाला वेगळे औषध लागत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तर हे अधिकच मोलाचे. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांचा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मुठीची पकड ५ किलोने कमी असेल, तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला. पकड हे कारण नव्हे, शरीराच्या एकूण बळाची ती खूण आहे. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ आणि स्त्रियांसाठी १८ किलो ही सीमा ठरवली. त्याखाली पकड अशक्त.

यंत्र नसले तरी घड्याळ आहेच. खुर्ची भिंतीला टेकवा, शेजारी कुणी उभे राहा आणि आजींना हात छातीशी धरून पाच वेळा उठून बसायला सांगा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पुढच्या खेपेला ‘‘बरं वाटतंय का?’’ याच्या जोडीला ‘‘आकडा किती आला?’’ हेही विचारू या.