हिंगोलीच्या छावणीतला व्यापारी: फसवणुकीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

फसलेल्या माणसाविषयी समाजाचे मत बहुधा आधीच ठरलेले असते: तो भोळा असला पाहिजे, अडाणी असला पाहिजे, नाही तर हावरट तरी. या तिन्ही समजुती किती अपुऱ्या आहेत याचा बोलका पुरावा हिंगोलीच्याच इतिहासात आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामी फौजेची छावणी एके काळी या गावात होती आणि पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे आजही तिची आठवण देतात. निजामाच्या सेवेतील फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याने 1839 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत या छावणीतील एक खरी हकिकत नोंदवली आहे. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी तेथे राहत असे, अनेकांचे आणि स्वतः टेलरचेही त्याच्याशी देण्याघेण्याचे व्यवहार होते, आणि हाच गृहस्थ त्या भागातील ठगांचा, म्हणजे वाटसरूंचा विश्वास मिळवून त्यांना मारून लुटणाऱ्या टोळ्यांचा, म्होरक्या निघाला.

हरिसिंगाने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला आणि तो त्याला रीतसर मिळाला. हिंगोलीजवळच्या एका गावचा व्यापारी तसेच कापड घेऊन मुंबईहून निघाला आहे, ही बातमी त्याला आधीच होती. त्याने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गुरे हाकणाऱ्यांना ठार केले, माल त्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच सांगितले नसते, तर हे कधी उघडकीस आले नसते, असे टेलर लिहितो. परवाना बनावट नव्हता, ही यातली सर्वांत महत्त्वाची बाब आहे. मोहोर खरी होती, सही खरी होती, विक्रेता ओळखीचा होता. कापड घेणाऱ्याने पारखून पाहण्यासारखे जे काही होते ते सर्व पारखेला उतरणारेच होते.

म्हणून फसवणूक मूर्खांचीच होते हा पहिला गैरसमज येथेच गळून पडतो, कारण येथे फसलेल्यांत शिकलेले आणि अधिकारावर असलेले लोकही होते. आजची स्थिती निराळी नाही. ‘डिजिटल अटक’ या नावाने चालणाऱ्या प्रकारात पोलीस किंवा तपास यंत्रणेचा अधिकारी असल्याचे भासवून माणसाला तासन् तास व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवले जाते, आणि 2024 मध्ये लुधियानातील एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या अध्यक्षांनी सर्वोच्च न्यायालयाच्या खोट्या सुनावणीला बळी पडून 7 कोटी रुपये गमावले. भारतीय कायद्यात अशी अटक मुळातच नाही. परंतु अटकेच्या भीतीने गांगरलेल्या माणसापुढे शिक्क्याचा कागद आणि गणवेशातील चेहरा एकदम येतो, तेव्हा पदवी त्याच्या उपयोगी पडत नाही.

हाव हे फसवणुकीचे मूळ असल्याचा समज तर ठगांनी मारलेल्या वाटसरूंवर अन्यायच करतो. ‘ठग’ हा शब्द संस्कृत ‘स्थग’ म्हणजे झाकणारा, लबाड यावरून आला असून मराठीतील ‘ठक’ आणि ‘ठकवणे’ त्याचेच भाऊबंद आहेत. या टोळ्यांच्या सांकेतिक बोलीचा संग्रह विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने 1836 मध्ये ‘रामसीआना’ नावाने छापला. त्यात गळा आवळणाऱ्यासाठी जसा वेगळा शब्द आहे, तसाच गोड बोलून वाटसरूंना टोळीत ओढणाऱ्यासाठीही आहे, ‘सोथा’. सोथा धनाचे आमिष दाखवत नसे, तो सोबत देऊ करी. वाट धोक्याची आहे, एकट्याने जाऊ नये, हे वाटसरूला ठाऊकच होते आणि सोबत स्वीकारण्यात त्याचे शहाणपणच होते. त्याच्या सावधपणालाच सापळ्याचे दार केले गेले. ज्यांनी काहीच अधिक मागितले नव्हते, त्यांना हावरट म्हणणे हे अज्ञानाइतकेच निर्दयपणाचेही आहे.

(ठगांविषयी सांगताना एक सावधगिरी आवश्यक आहे. या टोळ्यांची बरीच माहिती माफीच्या साक्षीदारांकडून, म्हणजे बोलण्यावरच ज्यांचा जीव अवलंबून होता अशा कैद्यांकडून आलेली आहे; ठगी म्हणजे देवीच्या भक्तीतून हत्या करणारा एक पंथ, हे इंग्रजी काळात रंगवलेले चित्र किम वॅग्नर यांच्यासारख्या इतिहासकारांनी तपासून पाहिले असून लूट आणि उपजीविका ही कारणे पुढे आणली आहेत.)

खोटे बोलणारा नजर चुकवतो, अडखळतो, म्हणून सराईत डोळ्याला तो ओळखू येतो, हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये सुमारे 24 हजार व्यक्तींच्या निर्णयांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा केवळ पाहून-ऐकून खरे-खोटे ओळखण्याचे सरासरी प्रमाण 54 टक्केच भरले, म्हणजे नाणे उडवून कौल घेण्यापेक्षा किंचित अधिक. संवादशास्त्राचे अभ्यासक टिमथी लेव्हिन यांनी याचे स्पष्टीकरण देताना ‘सत्याचे गृहीत’ मांडले आहे: संशयाला ठोस कारण मिळेपर्यंत माणूस समोरच्याचे बोलणे खरे मानून चालतो, आणि बहुतेक वेळा बहुतेक माणसे खरेच बोलत असल्याने ही सवय उपयुक्तच ठरते. वसमत किंवा हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा सौदा होतो तो याच गृहीतावर. प्रत्येक शेतकऱ्याने आडत्याच्या प्रत्येक शब्दाचा दाखला मागितला, तर दुपारपर्यंत एक पोतेही उतरणार नाही. सोथाही याच सवयीवर जगत होता.

मग कोणावरच विश्वास न ठेवणे हा उपाय ठरतो काय? मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी 1980 मध्ये मांडलेला निष्कर्ष याच्या उलट आहे: इतरांवर सहज विश्वास ठेवणारी माणसे विश्वास न ठेवणाऱ्या माणसांपेक्षा अधिक फसतात असे दिसत नाही, कारण विश्वास ठेवणे आणि धोक्याची खूण दिसूनही डोळे मिटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ठगांच्या टोळ्या उघड्या पडल्या त्या लोक अधिक संशयी झाले म्हणून नव्हे. प्रवास महिनोन् महिने चाले, मेलेल्याचे घर दूर असे, एका संस्थानातला गुन्हा दुसऱ्या संस्थानात कोणी विचारत नसे, त्यामुळे एकाची शंका दुसऱ्याच्या शंकेला भेटतच नव्हती. स्लीमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या साक्षीदारांचे जबाब एकमेकांशी ताडून पाहिले आणि सांगितलेली जागा प्रत्यक्ष खणली. हिंगोलीतही तसेच झाले: छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओहोळात पुरली गेली होती, साक्षीदार एकेक जागा शांतपणे दाखवत गेले आणि पाहणाऱ्यांनाच अखेर शोध आवरता घ्यावा लागला.

पडताळणीची वाट समोरच्याने दाखवलेली नसावी, हे तत्त्व आजही तेच आहे. ‘पोलीस’ म्हणवणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर उलट फोन करणे ही पडताळणी नव्हे. ओळखीच्या ठाण्यात स्वतः जाऊन विचारणे ही पडताळणी होय. पैसे गेल्यानंतर मात्र वेळ हाच सर्वांत मोठा घटक ठरतो. 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवले, तर रक्कम पुढच्या खात्यांतून काढून घेतली जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. पण घरचे मूर्ख म्हणतील, गावात हसे होईल, या लाजेने फसलेला माणूस गप्प बसतो आणि हाताशी असलेले पहिले काही तास त्या गप्प बसण्यातच निघून जातात.