गवतावर उभा असलेला व्यापार : न्यूझीलंडची वार्षिक आकडेवारी कशी वाचावी?

झाशी येथे 1962 साली भारतीय चरागाह व चारा अनुसंधान संस्थेची स्थापना झाली, तेव्हा गवत हा स्वतंत्र संशोधनाचा विषय कसा होऊ शकतो, असा प्रश्न अनेकांना पडला असेल. आपल्याकडे गवत आपोआप उगवते आणि आपोआप वाळते, अशीच समजूत रूढ आहे. पण सुमारे 53 लाख लोकवस्तीच्या न्यूझीलंड या देशाचा वस्तुव्यापार जवळजवळ दीडशे वर्षे गवतावरच उभा आहे. त्या देशाच्या आयात-निर्यातीचे वार्षिक आकडे म्हणजे एका अर्थी तेथील कुरणांचा पीकपाणी अहवालच होय. हे आकडे आपल्या पशुपालकांनी, विशेषतः महाराष्ट्रातील दूध उत्पादकांनी, का आणि कसे वाचावेत, याचा विचार या लेखात केला आहे.

आपल्याएवढेच दूध, पण बाजार निराळा

न्यूझीलंडमध्ये दुभत्या गायींची संख्या सुमारे 47 लाख आहे. तेथील वार्षिक दूध उत्पादन साधारण 2 कोटी टनांच्या घरात जाते. महाराष्ट्राचे उत्पादन दीड कोटी टनांहून थोडे अधिक आहे. म्हणजे तो संपूर्ण देश आपल्या एका राज्यापेक्षा फार मोठा दूध उत्पादक नाही. भारताचे एकूण उत्पादन 2023-24 मध्ये सुमारे 23.9 कोटी टन होते. त्या तुलनेत न्यूझीलंडचे दूध दहाव्या हिश्शाहूनही कमी भरते.

फरक पडतो तो विक्रीत. भारतात तयार होणारे जवळपास सर्व दूध देशातच खपते. न्यूझीलंडमध्ये मात्र सुमारे 95 टक्के दूध भुकटी, लोणी, चीज आणि तत्सम पदार्थांच्या रूपाने परदेशी जाते. त्यामुळे जागतिक बाजारातील दूध भुकटीचा भाव ठरवण्यात या लहानशा देशाचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या वस्तुनिर्यातीत दुग्धपदार्थांचा हिस्सा साधारणपणे चौथ्या ते तिसऱ्या भागाच्या दरम्यान राहतो. मांस, लाकूड आणि किवीसारखी फळे त्याखालोखाल येतात. आयातीत पेट्रोलियम पदार्थ, वाहने व यंत्रसामग्री हे घटक प्रमुख असतात.

दीडशे वर्षांचा आलेख

15 फेब्रुवारी 1882 रोजी ‘डुनेडिन’ नावाचे जहाज सुमारे पाच हजार गोठवलेली मेंढ्या-कोकरांची धडे आणि काही लोणी घेऊन न्यूझीलंडहून निघाले व मे महिन्यात लंडनला पोहोचले. माल सुस्थितीत उतरला आणि तेथून त्या देशाच्या व्यापाराची दिशा ठरली. त्यापूर्वी लोकर हीच मुख्य निर्यात होती. शीतकरणामुळे मांस व लोणी या नाशवंत मालालाही दूरची बाजारपेठ मिळाली.

पुढील सात-आठ दशके हा व्यापार एका ग्राहकावर विसंबून राहिला. 1950 च्या दशकाच्या आरंभी न्यूझीलंडची सुमारे दोन तृतीयांश निर्यात ब्रिटनला जात होती. 1973 मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला आणि हा आधार हळूहळू सुटत गेला. 1984 पासून सरकारने शेतीला मिळणारी बहुतेक अनुदानेही काढून घेतली. मेंढ्यांची संख्या 1982 च्या सुमारास 7 कोटींवर पोहोचली होती. आज ती अडीच कोटींच्याही खाली आली आहे. कुरणे बव्हंशी तीच राहिली. मात्र अनेक ठिकाणी त्यांवर मेंढ्यांऐवजी दुभत्या गायी चरू लागल्या. 2008 मध्ये चीनशी मुक्त व्यापार करार झाला आणि अलीकडे एकूण निर्यातीचा साधारण चौथा भाग एकट्या चीनला जातो. ग्राहक बदलला, पण एका मोठ्या ग्राहकावरील अवलंबन पुन्हा आलेच.

वार्षिक आकडा म्हणजे नेमके काय?

अलीकडची तीन कॅलेंडर वर्षे पाहू. 2022 मध्ये न्यूझीलंडची वस्तुव्यापारातील तूट सुमारे 1,450 कोटी न्यूझीलंड डॉलर होती. 2023 मध्ये ती सुमारे 1,360 कोटींवर आली आणि 2024 मध्ये 770 कोटींच्या आसपास उतरली. 2024 मधील निर्यात सुमारे 7,100 कोटी, तर आयात सुमारे 7,860 कोटी डॉलरची होती. एवढे वाचून ‘व्यापार सुधारला’ असे म्हणता येईल. पण हे विधान अपुरे आहे. असे आकडे वाचताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट ऋतूची. तेथील गायी मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे दक्षिण गोलार्धातील हिवाळ्याच्या अखेरीस, वितात. वसंतात गवत जोमाने वाढते आणि ऑक्टोबरच्या सुमारास दूध उत्पादनाचा कळस येतो. मे-जूनमध्ये बहुतेक गायी आटवल्या जातात. गायीच्या विण्याचा काळ गवताच्या वाढीशी असा मुद्दाम जुळवलेला असतो. परिणामी निर्यातही वर्षभर सारखी राहत नाही. एखाद्या महिन्याची तूट पाहून निष्कर्ष काढणे म्हणजे आषाढात धान्याचे कोठार रिकामे पाहून शेतकरी बुडाला असे ठरवण्यासारखे आहे. म्हणूनच बारा महिन्यांची बेरीज पाहायची. मात्र ते वर्ष डिसेंबरअखेर मोजले आहे, जूनअखेर मोजले आहे की दुग्धहंगामानुसार, हे आधी पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट वर्गवारीची. मार्सडेन पॉइंट येथील देशातील एकमेव तेलशुद्धीकरण कारखान्यातील शुद्धीकरण 2022 मध्ये बंद झाले. त्यानंतर कच्च्या तेलाची आयात थांबली आणि तयार इंधनाची आयात वाढली. केवळ एक रकाना पाहणाऱ्यास इंधनाचा वापर एकाएकी बदलल्याचा भास होईल. प्रत्यक्षात बदलले ते मालाचे स्वरूप.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. निर्यातीचा आकडा हा मालाचे परिमाण, परदेशी भाव आणि चलनाचा विनिमय दर या तिन्हींचा गुणाकार असतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा टन भुकटी टनाला 4,000 अमेरिकी डॉलर भावाने विकली. त्या वेळी एका न्यूझीलंड डॉलरला 0.88 अमेरिकी डॉलर मिळत होते. तर हाती सुमारे 45,450 न्यूझीलंड डॉलर येतात. पुढे भाव 2,500 वर आला, पण स्थानिक चलनही 0.65 पर्यंत घसरले. आता तेवढ्याच भुकटीचे सुमारे 38,460 डॉलर होतात. जागतिक भाव 37 टक्क्यांहून अधिक पडला, तरी देशाच्या आकडेवारीत घट दिसते ती सुमारे 15 टक्क्यांची. चलनाच्या घसरणीने उरलेली घट झाकली जाते.

बेरीज शाबूत, गोठा अडचणीत

2013 ते 2016 या काळात असेच काहीसे प्रत्यक्ष घडले. 2013 मध्ये संपूर्ण दूध भुकटीचा भाव टनाला 5,000 अमेरिकी डॉलरच्या वर गेला होता. त्यानंतर चीनने साठा पुरेसा झाल्यावर खरेदी आखडती घेतली. ऑगस्ट 2014 मध्ये रशियाने युरोपीय दुग्धपदार्थांवर बंदी घातली. एप्रिल 2015 मध्ये युरोपीय संघाने दूध उत्पादनावरील कोटा उठवला. बाजारात माल तुंबला आणि ऑगस्ट 2015 मध्ये भाव 1,600 डॉलरच्या खाली उतरला.

न्यूझीलंडच्या एकूण वस्तुनिर्यातीत मात्र 2015 मध्ये अवघी काही टक्के घट दिसली. गोमांस व फळांची निर्यात चांगली झाली, शिवाय चलन घसरल्याने आकडे सावरले. पण दूध उत्पादकाला वाचवील असे त्या बेरजेत काही नव्हते. फोंटेरा या तेथील सर्वांत मोठ्या दूध सहकारी संस्थेने 2013-14 च्या हंगामात स्निग्धांश व प्रथिने मिळून दर किलोला 8.40 डॉलर दिले होते. पुढच्या हंगामात हा दर 4.40 झाला आणि 2015-16 मध्ये 3.90 पर्यंत खाली आला. सरासरी उत्पादकाचा खर्च पाच डॉलरच्या पुढे असताना हे घडले. देशाचा वार्षिक अहवाल जवळजवळ स्थिर होता आणि त्याच वर्षी अनेक कुटुंबे कर्ज काढून गोठा चालवत होती.

ही लाट आपल्या दारापर्यंतही आली. 2013-14 मध्ये भारताने सुमारे 1 लाख 30 हजार टन स्निग्धांशरहित दूध भुकटी निर्यात केली होती. जागतिक भाव कोसळल्यावर ही निर्यात काही वर्षांत एक दशांशाहूनही कमी झाली. भुकटी गोदामांत पडून राहिली आणि तिच्या भावावर अवलंबून असलेले दूध खरेदीचे दर घसरले. जुलै 2018 मध्ये महाराष्ट्रात दूध दरासाठी झालेल्या मोठ्या आंदोलनामागे ही पार्श्वभूमी होती. नगर वा सांगली जिल्ह्यातील ज्या उत्पादकाने न्यूझीलंडचे नावही कधी घेतले नसेल, त्याच्या फॅट-एसएनएफच्या पावतीवर त्या बाजाराची सावली पडली होती.

आयातीच्या रकान्यातील चारा

निर्यातीकडे सर्वांचे लक्ष असते. पण पशुपालकाने आयातीचा रकानाही वाचावा. गवतावर पोसलेल्या दुधाची ख्याती असलेला हा देश दरवर्षी सुमारे 20 लाख टन पाम-गर पेंड मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून आणतो. त्याशिवाय स्फुरदयुक्त खडक आणि काही प्रमाणात युरियाही बाहेरून येतो. गायींची संख्या कुरणाच्या क्षमतेपुढे गेली की तूट अशा खरेदीने भरून काढावी लागते. दूध महाग असते तोवर हा खर्च परवडतो. भाव पडल्यावर चलनही घसरलेले असते आणि नेमक्या त्याच वेळी आयात केलेले खत, इंधन व पेंड महाग पडते. शिवाय गायींची दाटी वाढल्याने भूजल व नद्यांत नायट्रेट वाढले असून, त्या देशाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी जवळपास निम्मे शेतीतून, प्रामुख्याने जनावरांच्या मिथेनमधून, येतात.

याउलट मंदीच्या काळात तग धरण्यास मदत झाली ती जुन्या पद्धतीची. राय गवत व पांढरा क्लोव्हर यांचे मिश्र कुरण, क्लोव्हरच्या मुळांतून जमिनीला मिळणारे नत्र, आळीपाळीने चराई आणि गरजेपुरताच बाहेरचा खुराक, ही ती पद्धत होय. ज्याचा दुधाचा खर्च स्वतःच्या शेतातील गवताशी बांधलेला होता, त्याला भावातील घसरण तुलनेने कमी लागली.

झाशीतून पाहताना

आपली परिस्थिती वेगळी आहे. बुंदेलखंडात बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. न्यूझीलंडसारखे बारमाही हिरवे कुरण येथे शक्य नाही आणि त्याची नक्कल करण्यातही अर्थ नाही. आपल्याकडे एकूण लागवडीखालील क्षेत्रापैकी केवळ 4 टक्क्यांच्या आसपास क्षेत्र चारापिकांखाली आहे. देशात हिरव्या चाऱ्याची सुमारे 11 टक्के आणि कोरड्या चाऱ्याची सुमारे 23 टक्के तूट असल्याचा अंदाज आहे. दूध उत्पादनाच्या खर्चात खाद्याचा वाटा 60 ते 70 टक्के असतो. चारा परवडेनासा झाला की काय होते, ते बुंदेलखंडात ‘अन्ना प्रथा’ या नावाने रस्तोरस्ती दिसते. पूर्वी रब्बीच्या काढणीनंतर काही काळ जनावरे मोकळी सोडली जात. आता भाकड गायी वर्षभर मोकाट फिरतात आणि ज्याने घाम गाळून पीक उभे केले त्याच्या शेतात शिरतात.

व्यापार धोरण काही प्रमाणात संरक्षण देऊ शकते. नोव्हेंबर 2019 मध्ये भारताने प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी करारातून अंग काढून घेतले, त्यामागे दूध उत्पादकांची चिंता हे एक प्रमुख कारण होते. डिसेंबर 2025 मध्ये भारत-न्यूझीलंड मुक्त व्यापार वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हाही दुग्धपदार्थ सवलतींच्या बाहेर ठेवण्यात आले. तथापि आयातशुल्काची भिंत जागतिक भावाला पूर्णपणे अडवू शकत नाही, हे 2018 ने दाखवून दिले आहे. त्या वर्षी बाहेरची भुकटी आत आली नव्हती. आपली बाहेर जाऊ शकली नव्हती.

म्हणून उत्पादकाच्या हातात राहतो तो खर्चाचा रकाना. मारवेल, अंजन, पवना यांसारखी स्थानिक गवते स्टायलोसारख्या द्विदल चाऱ्यासोबत लावणे, ती पूर्ण वाळण्याची वाट न पाहता फुलोऱ्यात कापून सुकवणे, मक्याचा मुरघास करणे आणि बांधावर संकरित नेपिअर राखणे, हे उपाय नवे नाहीत. फुलोऱ्यानंतर गवतातील प्रथिने झपाट्याने घटतात, हे आपल्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते. न्यूझीलंडचे आकडे या उपायांमागील अर्थकारण स्पष्ट करतात.

वाचताना लक्षात ठेवावे

व्यापाराचा कोणताही वार्षिक आकडा समोर आला की पाच प्रश्न विचारावेत. वर्ष कोणत्या महिन्यात संपते? वाढ परिमाणाची आहे की भावाची? चलनाचा दर किती बदलला? वर्गवारी तीच आहे का? आणि त्या निर्यातीसाठी काय आयात करावे लागले? याच धर्तीवर प्रत्येक पशुपालकाने स्वतःच्या गोठ्याचाही वार्षिक हिशेब मांडावा : दूध किती लिटर, दर किती, आणि पेंड-चाऱ्यावर बाहेर किती पैसे गेले. पहिले दोन आकडे बाजाराच्या व हवामानाच्या मर्जीने खालीवर होतील. तिसरा आकडा मात्र बऱ्याच अंशी आपल्या बांधावर ठरतो, आणि भाव पडलेल्या वर्षी गोठा उभा राहील की नाही, हे बहुधा तोच सांगतो.