संगणक जुळवून घेताना

मुलाला सॉफ्टवेअर शिकायचे आहे, खेळही खेळायचे आहेत. अशा वेळी सुटे भाग घेऊन संगणक जुळवणे सोयीचे, कारण पुढे हवा तो भाग बदलता येतो. मात्र बंधूंनी आधी मेळ पाहावा. एएम-५ मदरबोर्डात एएम-४चा प्रोसेसर बसत नाही. डीडीआर-५च्या खाचेत डीडीआर-४ रॅम जात नाही. खेळांसाठी पैसा ग्राफिक्स कार्डात घालावा. प्रोग्रॅमिंगसाठी जास्त कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम व एसएसडी यांत. व्याजाचा हप्ता टाळायचा तर अंगचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन काम सुरू करावे. कार्ड पुढे रोखीने घ्यावे. पॉवर सप्लाय मात्र त्या कार्डाचा भार धरूनच चांगला घ्यावा. हलका बिघडला तर इतर भागही जाळू शकतो. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, म्हणून पक्के बिल जपावे.