सूर्याची उष्णता कोणी वाहावी?

सौरतापक म्हटला की आपले लक्ष छपरावरील काळ्या पत्र्याकडे जाते. परंतु पत्र्याने गोळा केलेली उष्णता टाकीपर्यंत वाहून नेणारा कोणीतरी लागतोच, आणि यंत्राचे आयुष्य बहुतांशी त्या वाहकाच्या गुणांवर अवलंबून असते. तेव्हा या वाहकांची आपण थोडी पारख करू.

प्रथम पाणी. एक किलो पाणी एक अंशाने तापवावयास एक किलोकॅलरी लागते. तेवढ्याच वजनाच्या तेलास साधारण निम्मी आणि हवेस पाव पुरते. म्हणजे पाण्याची झोळी सर्वांत मोठी. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेले, तर त्यात ३५०० किलोकॅलरी साठतात. तेवढीच उष्णता तितक्याच तापमानवाढीने हवेत भरावयाची, तर १० फूट लांब, रुंद व उंच अशा सुमारे १२ खोल्यांची हवा लागेल! मात्र हवा गोठत नाही, उकळत नाही. धान्य व फळे वाळविण्यास ती उत्तमच.

पाण्याचे दोष दोन. क्षारयुक्त पाणी नळ्यांत थर साचविते. आणि गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगून नळी फोडते. ही दुसरी भीती सोलापुरास नाही, लेहच्या हिवाळ्यात आहे. अशा थंडीसाठी पाण्यात ग्लायकॉल मिसळतात. निम्मे प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेले मिश्रण उणे ३० अंशांसही गोठत नाही. पण ते पाण्याहून दाट, उष्णता कमी धरणारे. आणि भर उन्हात अभिसरण थांबले, तर कालांतराने विघटन होऊन ते आम्लयुक्त होते व धातूस खाते. एथिलीन ग्लायकॉल तर विषारी. आतल्या नळीस छिद्र पडले की ते न्हाणीच्या पाण्यात उतरावयाचे. घरात ते नकोच, असे आम्ही निक्षून सांगतो.

वीजनिर्मितीस याहून प्रखर उष्णता हवी. कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात १९८० नंतरच्या दशकात उभारलेल्या केंद्रांत कृत्रिम तेल सुमारे ३९० अंशांपर्यंत तापवीत. स्पेनमधील २०११ सालच्या हेमासोलार केंद्राने सोडियम व पोटॅशियम नायट्रेटांचे वितळलेले मीठ ५६५ अंशांपर्यंत नेले. पण हे मीठ २२० अंशांच्या आसपासच थिजू लागते. म्हणून रात्रीही त्यास ऊब द्यावी लागते.

एवंच, निरपवाद श्रेष्ठ वाहक कोणताच नाही. रात्री थंडी किती, दुपारी ताप किती, आणि गळती झाल्यास द्रव जाणार कोठे, हे तीन प्रश्न विक्रेत्यास विचारावेत. आपल्या पठारावरील स्नानापुरते, मृदू पाणी मिळत असेल तर, साधे पाणीच पुरे.