वेगळा मराठवाडा मागितला, तर गोदावरीचं पाणी कोण सोडणार?

हा भाग चौसाळ्यातून रेकॉर्ड केलाय. सोलापूर-धुळे महामार्ग जवळच आहे, त्यामुळं ऑडिओत मधेच ट्रकचे हॉर्न येतील. इथं लिहून काढताना ते गाळलेत.

आजचा प्रश्न आपल्या श्रोत्यांचाच: विदर्भाचं वेगळं राज्य मागतात, मग मराठवाड्याचं का नको? मार्च २०१६ मध्ये राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे जालन्यात तसं बोलले आणि लगेच त्यांना राजीनामा द्यावा लागला. गदारोळ मोठा झाला, पण त्या मागणीमागं इथं काही लाट उभी राहिली नाही. राग मात्र भरपूर आहे. तो वेगळ्या राज्याकडं का वळत नाही, हे मला सांगायचंय.

थोडं मागं जाऊ. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६ मध्ये औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० ला महाराष्ट्रात. 'आम्ही बिनशर्त आलो' हे वाक्य आपल्याकडं लहानपणापासून कानावर पडतं. त्यात अभिमान आहे आणि तक्रारही आहे. पण कागदावर काहीच नव्हतं, असं नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याचं नाव आहे. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये तर विकास मंडळ आणि निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूदच आहे. म्हणजे इथला माणूस म्हणतो ते 'आम्हाला सोडा' नव्हे, 'ठरलेलं द्या'. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर आले, तेही नोकऱ्या आणि विकासासाठीच.

दिलं किती? १९८४ मध्ये दांडेकर समितीनं राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला. त्यात मराठवाड्याचे साधारण ७५० कोटी. विकास मंडळं त्यानंतर दहा वर्षांनी, १९९४ ला आली. नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ला मंजूर झाली आणि बीडला गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं! तोवर ऊसतोडीला निघालेली माणसं ट्रक-ट्रॅक्टरमध्येच बसून गेली.

आता पाण्याचं. मला वाटतं, वेगळ्या राज्याचं गणित फसतं ते इथंच. गोदावरी नाशिककडून येते आणि तिच्यावरची मोठी धरणं नाशिक-नगरकडं, म्हणजे जायकवाडीच्या वर आहेत. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरून पाणी सोडायचं, असं त्यातूनच ठरलं. दर दुष्काळी वर्षी यावरून कोर्टकचेऱ्या होतात, हे खरं. पण सरकार एक आहे, कायदा एक आहे, हायकोर्टही एक आहे. उद्या मधे राज्याची सीमा आली, की हाच वाद आंतरराज्य लवादात जाईल. कृष्णा आणि कावेरीचे लवाद किती वर्षं चालले, ते बघा. तोवर पैठणच्या खाली शेतकऱ्यानं काय करायचं?

आणि घरातल्या घरात तरी सगळं सरळ आहे का? मांजरा उगम पावते आपल्याच बालाघाटात, धनेगावला अडते, आणि लातूर शहराची तहान तिच्यावर. धरण आटलं तेव्हा, २०१६ ला, लातूरला पाणी आलं ते मिरजेहून रेल्वेनं. पश्चिम महाराष्ट्रातून! (हे ऐकून आमच्याकडच्या एका काकांनी 'तेही लिहा बरं का' म्हणून बजावलं होतं. लिहिलं, काका.)

तरीही 'वेगळं नको' म्हणून गप्प बसा, असं मी म्हणत नाही. वैधानिक मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मंडळ दुबळं होतं, मान्य. पण आकडे मांडायला आणि राज्यपालांकडं दाद मागायला ती एक जागा होती. ती गेल्यावर हिस्सा ठरतो तो ज्याच्या-त्याच्या आमदाराच्या वजनावर. आपल्या आमदाराला पुढच्या वेळी भेटाल, तेव्हा सभामंडपाच्या निधीबरोबर हेही विचारा: मंडळासाठी सभागृहात किती वेळा बोललात?

पुढच्या भागात, दांडेकर समितीनं हा अनुशेष मोजला कसा, ते बघू.