लायब्ररी फंक्शन्सची थ्रेड-सुरक्षितता व मॅन्युअलमधील तिची नोंद

प्रस्तावना :
एका प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कार्यप्रवाहांना थ्रेड असे म्हणतात. हे सर्व थ्रेड एकच स्मृती वापरतात. अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरले तरी अचूक कार्य करणारे फंक्शन थ्रेड-सुरक्षित होय. हा गुण फंक्शनच्या नावावरून कळत नाही. तो मॅन्युअलमध्येच नोंदवावा लागतो. प्रस्तुत लेखात या नोंदीचे स्वरूप व महत्त्व स्पष्ट केले आहे.

दोषाचे स्वरूप :
सी भाषेतील 'स्ट्रटॉक' हे फंक्शन मजकुराचे तुकडे करते व आपण कोठवर आलो याची खूण एकाच अंतर्गत जागेत ठेवते. समजा, भंडारा जिल्ह्यातील तालुक्यांपैकी 'तुमसर, मोहाडी, साकोली' ही यादी पहिला थ्रेड व 'पवनी, लाखनी, लाखांदूर' ही यादी दुसरा थ्रेड वाचत आहे. पहिल्यास 'तुमसर' मिळताच दुसऱ्याने 'पवनी' घेतले, तर ती खूण बदलते आणि पहिल्यास 'मोहाडी'ऐवजी 'लाखनी' मिळते. संगणक मात्र कोणतीही त्रुटी दाखवीत नाही. हा दोष थ्रेडच्या क्रमावर अवलंबून असल्याने अनेक चाचण्यांतही तो आढळेलच असे नाही. म्हणून येथे मॅन्युअलमधील लेखी हमीच आधारभूत ठरते. 'स्ट्रटॉक_आर' या पर्यायी फंक्शनमध्ये खुणेची जागा वापरणारा स्वतः पुरवितो. त्यामुळे हा दोष टळतो.

नोंदीचे स्वरूप :
पॉझिक्स मानकानुसार, यादीत दिलेले अपवाद वगळता त्यातील सर्व फंक्शन्स थ्रेड-सुरक्षित असणे बंधनकारक आहे. जीएनयू सी लायब्ररीच्या मॅन्युअलमध्ये २०१४ च्या २.१९ या आवृत्तीपासून अशा नोंदी प्राथमिक स्वरूपात आल्या. त्या केवळ 'होय' किंवा 'नाही' एवढ्यावर थांबत नाहीत. उदाहरणार्थ, 'गेटएन्व्ह' सुरक्षित आहे. परंतु त्याच वेळी दुसरा थ्रेड परिवेश-चले बदलत नसेल तरच. 'स्ट्रएरर' हे पॉझिक्सच्या २००८ च्या मानकात अपवादांमध्ये आहे. जीएनयू लायब्ररीत मात्र ते २०२० च्या २.३२ या आवृत्तीपासून सुरक्षित झाले. अर्थात, जुन्या आवृत्तीवर तोच प्रोग्राम धोक्याचा ठरतो.

निष्कर्ष :
सुरक्षितता, तिची अट व लायब्ररीची आवृत्ती या तिन्ही बाबी मॅन्युअलमध्ये नोंदविणे आवश्यक आहे. मॅन्युअल मौन पाळत असेल, तर 'मौन म्हणजे संमती' हा न्याय लावता येत नाही. असे फंक्शन असुरक्षित मानणेच इष्ट. प्रात्यक्षिक वहीत आदान व प्रदान यांच्या जोडीने थ्रेड-सुरक्षिततेचा एक रकाना ठेवल्यास विद्यार्थ्यांना ही दृष्टी प्रारंभापासूनच लाभेल.